डिग्री तुझी, इलेक्टिव्ह माझा

बारावीनंतर मी गेम डिझाइन शिकणार असं जाहीर केलं, तेव्हा आमच्या घरात तीन दिवस कोणी धड बोललं नाही. चौथ्या दिवशी बाबांनी तह केला. "डिग्री तुझी, इलेक्टिव्ह माझा," ते म्हणाले. म्हणजे चार वर्षं मी हवं ते शिकावं, पण तिसऱ्या वर्षी दुसऱ्या विभागातला जो एक जोडविषय घ्यावा लागतो, तो बाबा ठरवणार. उद्या हे खेळबिळ चालले नाहीत तर हाताशी काहीतरी असावं, हा त्यांचा हिशोब. मी लगेच हो म्हटलं. वयाच्या अठराव्या वर्षी तिसरं वर्ष म्हणजे पुढचा जन्म वाटतो.

बाबांनी आपली बाजू चोख पाळली. इंदूरच्या हॉस्टेलवर सोडायला आले, गादी स्वतः खांद्यावर घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढवली, एका शब्दाने कधी टोकलं नाही. फक्त कोणी विचारलं, मुलगी काय करते, की ते म्हणत, "कॉम्प्युटरमध्ये आहे." ते मला लागायचं. दोन वर्षांत त्यांनी माझा एकही खेळ उघडून पाहिला नव्हता. मी लॅपटॉप घेऊन जवळ गेले की त्यांना नेमकी बँकेतली कुठलीतरी फाइल आठवायची. परवानगी मला मिळालेली होती. मला हवं होतं ते एवढंच, की एकदा त्यांनी शेजारी बसून बघावं.

तिसरं वर्ष यायचं तसं आलं. इलेक्टिव्हची यादी लागली. डेटा अॅनालिटिक्स, डिजिटल मार्केटिंग, मानसशास्त्र, फोटोग्राफी, आणि सगळ्यांत खाली, हॉटेल मॅनेजमेंट विभागाचा 'भोजनसेवा आणि आतिथ्य'. त्या शेवटच्या विषयावर आम्ही कँटीनमध्ये पोट दुखेपर्यंत हसलो. त्या विभागाची मुलं काळी जाकिटं घालून आमच्या इमारतीसमोरून ट्रे घेऊन चालायची, ट्रेवर पाण्याचे ग्लास. ट्रे धरायला डिग्री लागते, असं मीच म्हणाले होते. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी जुनी सवय.

बाबांनी यादी फोनवर ऐकली आणि अर्ध्या मिनिटात निकाल दिला. डेटा अॅनालिटिक्स. मला त्या विषयाचं वावडं नव्हतं, आकड्यांशी माझं बरं जमतं. पण त्याच आठवड्यात माझा वर्षाचा प्रोजेक्ट आडवा झाला होता, त्यामुळे काहीच गोड लागत नव्हतं.

माझा खेळ चपलेचा होता. एक भाविक रामघाटावर अंघोळ करून वर येतो आणि बघतो तर एक चप्पल गायब. दुसरी आहे तिथेच. उरलेली चप्पल हातात घेऊन तो गावभर पहिली शोधत फिरतो. उज्जैनच्या माणसाला यात काही सांगायला नको, आमच्याकडे प्रत्येक घरात एक तरी चप्पलकथा असते. घाट मी दगडादगडाने रेखला होता, पंडेजींच्या छत्र्या, फुलवाल्या, ई-रिक्षा, सगळं. खेळ सुरू झाला की भाविकाच्या हातात नकाशा, झोळी, सहा सुगावे आणि बोलायला बारा माणसं. काही कमी पडू नये म्हणून पहिल्याच मिनिटात सगळं. वर्गातली मुलं खेळायला बसायची आणि पाचव्या मिनिटाला उठायची. कौतुक करून उठायची, तेच जास्त झोंबायचं. आमच्या मॅडमनी खेळ संपूर्ण पाहिला आणि म्हणाल्या, "सगळं जागच्या जागी आहे. पण मी का थांबू?"

असं तोंड पाडून मी गणपतीत घरी आले. इलेक्टिव्हचा फॉर्म सोमवारी दुपारपर्यंत भरायचा होता. आमच्या कॉलेजात पालकांच्या संमतीवाचून पान हलत नाही: फॉर्म भरला की ओटीपीचे आकडे बाबांच्या फोनवर जाणार, ते टाकले तरच तो स्वीकारला जाणार. शनिवारी महाप्रसाद होता.

इथे बाबांचं दुसरं रूप सांगायला हवं. बाबा खानदेशातले. बदलीवर उज्जैनला आले आणि इथलेच झाले. आई मूळची इथली, तिच्या घराण्यातले कोणी संस्थानच्या दरबारात कारकून होते. ते ती कोणालाही पाच मिनिटांत सांगते. तर इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत महाप्रसादाची पंगत बाबा चालवतात. स्वयंपाक आचारी करतात, वर्गणी दुसरे बघतात, पण सभागृहात माणसं बसली की ती उठेपर्यंत राज्य बाबांचं. एरवी घरात पाण्याचा पेला न उचलणारा माणूस त्या दिवशी सदरा खोचून, कमरेला पंचा बांधून उभा असतो.

शनिवारी सकाळी त्यांची तयारी बघताना मी बोलून गेले. तीन पंगती, प्रत्येकीला पाऊण तास, वाढपी शंभर फेऱ्या मारणार, एकेक पदार्थ घेऊन. "बाबा, हे सगळं अर्ध्या वेळात होईल. पानं आधीच वाढून ठेवा ना. माणसं बसली की समोर सगळं तयार."

"असं?" बाबा म्हणाले. "मग पहिली पंगत तुझी."

आई मध्ये पडली. "अहो, कशाला? बच्ची आहे, उगाच सगळ्यांसमोर फजिती."

"होऊ दे ना. गेम बनवते म्हणते. माणसं खेळवायची सवय असेल."

हे टोचून होतं. मी पदर खोचण्याच्या आवेशात ओढणी खोचली आणि कामाला लागले.

खरं सांगते, मला फार मजा आली. मी वाढप्यांची जोड्यांत विभागणी केली. हे सगळे एरवी डॉक्टर, मास्तर, रेल्वेतले बाबू, पण त्या दिवशी माझ्या हुकमात. पत्रावळी मांडल्या आणि एका दमात सगळं वाढून घेतलं. मीठ, लिंबू, चटणी, काकडीची कोशिंबीर, बटाट्याची भाजी, पुऱ्या, वरणभात, मसालेभात, द्रोणात मठ्ठा आणि प्रत्येक पानावर तीन जिलब्या. रांगा अशा देखण्या दिसत होत्या की मी फोटो काढला. मग दार उघडलं.

माणसं आली, बसली आणि जेवली. बस, एवढंच झालं. कोणी आधी जिलबी खाल्ली, कोणी पुरीपासून सुरुवात केली. वरण वाहत जाऊन जिलबीखाली शिरलं. तूप भातावर पडेपर्यंत भात गार झाला होता. पंगतीत एरवी कोणीतरी श्लोक म्हणतं, त्याला दुसरा उत्तर देतो, पण आज कोणी कधी म्हणायचा तेच कळेना, कारण सुरुवात कधी झाली हेच कोणाला कळलं नव्हतं. कडेच्या एका आजी हात मांडीवर ठेवून बसून होत्या. मी जवळ गेले. "आजी, सुरू करा ना."

"अगं, वाढायला कोणी आलंच नाही," त्या म्हणाल्या. "न वाढता कशी जेवू? हॉटेल आहे का हे?"

पाव तासात सभागृह रिकामं. मी घड्याळाकडे बघून बाबांकडे विजयी नजर टाकली. पानं उचलायला आलेल्या मुलींना त्यांनी हाताने थांबवलं आणि मला म्हणाले, "चल, पानं बघू."

हे ते दर पंगतीनंतर करतात. उष्टी पानं उचलण्याआधी रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जातात, वाकून बघतात, कोणी काय टाकलंय, किती टाकलंय, कुठे टाकलंय. लहानपणापासून मी हे पाहिलं होतं आणि मला वाटायचं, त्यांचं काही हरवलंय. त्या दिवशी पहिल्यांदा मी बरोबर चालले. प्रत्येक पानावर मसालेभात होता. चिवट झालेली अर्धी जिलबी होती. चटणीला बोटही लागलेलं नव्हतं.

"आचाऱ्याचं चुकलं का?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"लोकांना भूक नव्हती?"

"होती."

"मग?"

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. पण लाज वाटायच्या आधी मला दुसरंच काहीतरी झालं. माझे सहा सुगावे, नकाशा, झोळी आणि बारा माणसं मला त्या रांगेत पसरलेली दिसली. अर्धवट चाखून टाकलेली. वर्गातली मुलं पाचव्या मिनिटाला का उठत होती ते मला त्या उष्ट्या पानांवर कळलं, आणि मी बाबांचा पंचा धरून म्हटलं, "दुसऱ्या पंगतीत मी तुमच्या मागे मागे चालू का?"

"मीठ घे," ते म्हणाले.

मी मीठ वाढलं. दुसऱ्या पंगतीत माणसं रिकाम्या पानासमोर बसली. आधी मीठ, मग लिंबू, चटणी, कोशिंबीर, सगळं डावीकडे, चिमूट चिमूट. चटणी बाबांनी मुद्दाम एका आखडत्या हाताच्या मास्तरांकडे दिली होती आणि भात एका सढळ हाताच्या डॉक्टरांकडे. मग भाताची मूद, वरण, तूप. कोणीतरी श्लोक म्हटला, आणि सगळ्या रांगेचा हात एकदम पानाला लागला. तो आवाज मी वीस वर्षं ऐकला होता. तो कोणीतरी जुळवून आणलेला असतो हे मला माहीत नव्हतं.

पुऱ्या चालू असताना बाबांनी एका वाढप्याला खूण केली. तो जिलबीची परात घेऊन निघाला आणि एकालाही न वाढता पूर्ण रांग फिरून परत गेला. गरम तुपाचा वास मागे ठेवून.

"त्यांनी वाढलं का नाही?" मी कुजबुजले.

"त्यांच्याकडे कशाला बघतेस? लोकांकडे बघ."

सगळ्या माना परातीबरोबर वळल्या होत्या. पुऱ्यांना नाही म्हणायला सुरुवात झाली होती, पोटात जागा राखली जात होती. बाबांनी तीन मिनिटं जाऊ दिली. आता जिलबी खरोखरच निघाली आणि सभागृहात एकच कल्लोळ झाला. आग्रहाला ऊत आला. एक काका पानावर हात आडवा धरून नको नको म्हणत होते. बाबा माझ्या कानाशी म्हणाले, "बोटं बघ. बोटं जुळलेली असली तर खरंच नको. बोटांत फट असली तर वाढ बिनधास्त." काकांच्या बोटांतून अख्खी जिलबी गेली असती. बाबांनी दोन टाकल्या.

"अरे भिया, मारून टाकणार का आज?" काका म्हणाले, आणि खाल्ल्या.

त्या पंगतीनंतर आम्ही पुन्हा पानं बघत गेलो. काकांच्या पानावर लिंबाची फोड होती, बाकी काही नव्हतं.

शनिवारची ती दुपार माझ्या आयुष्यातल्या फार आनंदाच्या दुपारींपैकी एक आहे. मी तिन्ही पंगती पाय दुखेपर्यंत चालले आणि शेवटी वाढप्यांच्या पंगतीत बाबांच्या शेजारी बसून नऊ जिलब्या खाल्ल्या. घरी येताना स्कूटरवर मागे बसून मला एकच गोष्ट सुचत होती आणि ती बाबांना कशी सांगावी ते सुचत नव्हतं. मला डेटा अॅनालिटिक्स नको होतं. मला त्या काळ्या जाकिटवाल्यांत जायचं होतं. माणसाला बसवायचं कसं, थांबवायचं कसं, कुठला पदार्थ कधी आणायचा, हे शिकवणारा विषय यादीत सगळ्यांत खाली पडलेला होता. पण इलेक्टिव्ह बाबांचा होता. त्यांनी त्यांचा शब्द पाळला होता आणि मी माझा मोडणार होते. एवढं एक वचन त्यांनी माझ्याकडून घेतलं होतं.

रविवारचा सगळा दिवस मी पलंगावर भैरवगढच्या छापील चादरीवर लॅपटॉप ठेवून खेळाची सुरुवात उलटी केली. नकाशा काढला. झोळी काढली. सुगावे पुढे ढकलले, माणसं लांब उभी केली. भाविक वर येतो, त्याच्या पायात एकच चप्पल, बाकी काही नाही. आणि मग, त्याच्या समोरून, गर्दीतून, त्याची दुसरी चप्पल कोणाच्या तरी पायात चालत निघून जाते. हाती लागत नाही, नुसती दिसते.

संध्याकाळी बाबा चहा घेत होते तेव्हा मी सांगून टाकलं. उभ्यानेच, एका श्वासात. बाबांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, आता तहाची आठवण निघणार. पण त्यांचा चेहरा रागाचा नव्हता, दुखावलेला होता, आणि त्यासाठी माझी काहीच तयारी नव्हती.

"म्हणजे वाढायला तू त्यांच्याकडून शिकणार," ते म्हणाले. "घरात बाप असताना."

आई हसू दाबत आत गेली. "काखेत कळसा," एवढं आतून ऐकू आलं.

"त्यांचा सिलॅबस दाखव," बाबा म्हणाले.

मी दाखवला. चष्मा लावून त्यांनी कर्जाच्या कागदासारखा ओळीओळीने वाचला. काटे कुठे, चमचे कुठे, रुमालाच्या घड्या किती प्रकारच्या. "कोशिंबिरीचं नाव नाही," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "आणि यात आग्रह कुठे आहे?"

"नाही आहे. तो मी घरून घेऊन जाईन."

मी त्यांना विचारलं, तुम्हाला हे कोणी शिकवलं. वीस वर्षांत मी हे कधी विचारलं नव्हतं.

"कोणी नाही. मी इथे आलो तेव्हा एक माणूस ओळखीचा नव्हता. तुझी आईसुद्धा नाही. गणपतीत जाऊन बसायचो आणि जेवून एकटा परत यायचो. एका वर्षी वाढपी कमी पडले, तर कोणीतरी म्हणालं, भाई साहब, जरा नमक परोस दो. मीठ वाढताना प्रत्येकाकडे वाकावं लागतं, बघितलंस ना काल? प्रत्येक माणूस वर बघतो. दोनशे माणसांनी माझ्याकडे वर बघितलं त्या दिवशी." ते चष्मा पुसत होते. "लोकांना वाटतं मी सेवा करतो. मला तिथे मजा येते, दुसरं काही नाही."

मी म्हटलं, "मलापण हेच करायचंय, बाबा. मी तेच शिकतेय. तुम्ही कधी बघितलंच नाही."

हे मी दोन वर्षं मनात घोळवलं होतं, आणि ते निघालं ते फार हळू आवाजात. बाबांनी चष्मा परत लावला. मग खुर्ची लॅपटॉपसमोर ओढली. "दाखव."

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं: हे बटण असं, ते तसं, ही गोष्ट काय आहे, मी ती का केली. मी जीभ चावली आणि फक्त त्यांचं बोट बाणाच्या कळीवर ठेवून दिलं. शेजारी माझ्या फोनवर तोवर मी फॉर्म भरला, भोजनसेवेच्या चौकोनात खूण केली आणि पाठवला. बाबांचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला होता. तिथून टुण्ण वाजलं.

"बाबा, तुमच्या फोनवर आकडे आलेत. संमतीचे. दहा मिनिटंच चालतात."

बाबा स्क्रीनकडे वाकले होते. त्यांचा भाविक ओल्या पायऱ्यांवर एका पायात चप्पल घालून उभा होता. "हा चालत का नाही नीट?" ते पुटपुटले. मग त्यांना गर्दीतून जाणारी चप्पल दिसली आणि ते खुर्चीत पुढे सरकले. "ए, ती बघ. ती त्याचीच आहे. नेली त्याने."

"बाबा, आकडे."

"थांब गं."

मी थांबले. त्यांनी भाविकाला छत्र्यांच्या मागून नेलं, एका फुलवालीला धडकवलं, चुकून नदीत उतरवलं, परत वर काढलं. पाच मिनिटं होऊन गेली. आईने चहाचे कप उचलताना त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं आणि दिवा लावून गेली.

"बाबा, विषय बदलतेय मी. तुमचा इलेक्टिव्ह होता. तुम्ही हो म्हणायला हवं."

"हो म्हटलं ना," ते म्हणाले. म्हटलेलं नव्हतं. त्यांची नजर हलली नाही. "घे जा फोनवरून. लॉक माहीत आहे तुला. मध्ये बोलू नकोस, तो वळला बघ गल्लीत."

मी स्वयंपाकघरात जाऊन आकडे टाकले. फॉर्म स्वीकारल्याचा निरोप आला. मी नाक पुसलं, तोंडावर पाणी मारलं आणि परत येऊन त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिले.

"ही चप्पल मिळाली की संपतो का खेळ?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"नाही. पुढे आहे अजून."

"मग आईला सांग," बाबा म्हणाले, "जेवायला थोडा उशीर होईल."